वज्रबाहूनं बोललेला नवस

चहा ओता, पण कप तोंडाला लागायच्या आत एक कबुली देऊन टाकतो. माणसं प्रेमात फसतात, व्यवहारात फसतात, भावकीत तर फसतातच. मी फाशात फसलो. वीस बाजूंच्या फाशात! आणि मला फसवलं कुणी? माझ्याच तोंडानं.

वीस बाजूंचा फासा असतो का कुठं, असं विचारू नका. असतो. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला तो आवळाच वाटला होता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी बेळगावात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. खोलीवर माझा सोबती बसवराज, म्हणजे आमचा बसू. घरचा कन्नड, पण मराठीत भांडायला उभा राहिला तर आमची बोलती बंद. या बसूच्या काकांनी अमेरिकेहून एक खोकं पाठवलं. आम्हाला वाटलं, टेपरेकॉर्डर असणार. निघालं काय, तर एक जाडजूड पुस्तक आणि मूठभर फासे!

खेळ असा होता. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. सांगणारा म्हणणार, 'समोर नदी आहे, काय करता?' तुम्ही म्हणणार, 'उडी मारतो.' मग फासा टाकायचा. चांगला पडला तर पलीकडं, नाही तर गटांगळ्या. याला काय खेळ म्हणतात? आम्ही तीन महिने पुस्तकं बाजूला टाकून हेच करत होतो, म्हणजे खेळच म्हणायचा.

गोष्ट सांगायची बसूनं. शेजारच्या खोलीतला विन्या योद्धा झाला. मी झालो पुजारी. का? योद्ध्याला पुढं जाऊन मार खावा लागतो. पुजाऱ्यानं मागं उभं राहून देवाला हाक मारली की झालं. माझ्या स्वभावाला हे काम एकदम पटलं.

मग प्रत्येकानं आपल्या माणसाचा कागद भरायचा. मी नाव लिहिलं, वज्रबाहू. त्या वेळी माझे स्वतःचे बाहू शेवग्याच्या शेंगांएवढे होते, पण कागदावर लिहायला काय जातं? उंची आणि वजनाच्या रकान्यात मात्र डोकं न चालवता माझीच उंची आणि माझंच वजन टाकून मोकळा झालो. शेवटचा रकाना होता दैवताचा.

बसूनं पुस्तकातली देवांची यादी वाचून दाखवली. एक देव हातोडा घेऊन हिंडणारा. एक पाण्याखाली राहणारा. एकाचं तर सगळं कामच वादळ करायचं.

"ह्यातला एक घे," बसू म्हणाला.

"ह्यास्नी मराठी कळतंय काय?"

"खेळ हाय की रे!"

"खेळ असू दे की. पर संकटात हाक मारायची ती वळखीच्याला का परक्याला?"

आणि मी ऐटीत रकान्यात लिहिलं, 'श्री लक्ष्मीदेवी.' पुढं आमच्या गावाचं नाव. पुढं तालुका खानापूर.

बसूचा चेहराच उतरला. "बेडप्पा, बेड! नको! खरा देव खेळात आणू नको."

"का? देव काय तिकीट काढून बसनं येतोय?"

काय हुशार वाटलं होतं हो मला हे बोलताना! विन्या हसला, मी हसलो. बसू तेवढा हसला नाही.

आता यादीत नसलेल्या देवीची शक्ती त्याला ठरवणं भाग होतं. त्यानं विचारलं, "तुझी देवी काय काय करती?" मी सांगितलं, पटकी शिवेवरनं माघारी पाठवती, हरवलेली म्हस दावती. त्यानं निमूट लिहून घेतलं. म्हैस शोधायची वेळ वज्रबाहूवर पुढं कधी आली नाही, ती गोष्ट वेगळी.

असेच एका रविवारी आम्ही तिघं माझ्या गावी गेलो. आमच्या लक्ष्मीची यात्रा दोन महिन्यांवर आली होती. आणि ही यात्रा वर्षाची नव्हे बरं का, अकरा वर्षांनी भरणार होती! आमच्याकडच्या यात्रेत ज्याच्या दारात पाव्हणं कमी, त्याची मान वर्षभर खाली. आणि पाव्हण्यांना जेवायला मटणच. मागच्या यात्रेला मला गोवर आला होता. सगळं गाव जेवत होतं आणि मी कांबळं पांघरून भाताची पेज पीत होतो. अकरा वर्षं ते दुःख उराशी धरून मी या यात्रेची वाट बघत होतो. तुम्हाला हसू येतंय, पण माझ्या आयुष्यात त्या वेळी यापेक्षा मोठं ध्येय नव्हतं.

त्या रविवारीही घरात मटण शिजत होतं. बसू खात नसल्यामुळं आईनं त्याच्यासाठी चुलीच्या वैलावर, म्हणजे बाजूच्या छोट्या चुलीवर, वांगी ठेवली होती. आम्ही सोप्यात बसून खेळ मांडला. आप्पा, म्हणजे माझे वडील, कोपऱ्यात पेपर वाचत होते.

बसूनं गोष्टीत एक सरडा काढला. डोंगराएवढा, पंख असलेला, तोंडातनं जाळ सोडणारा. त्यानं विन्याला एका फटक्यात आडवं केलं. राहिला एकटा वज्रबाहू. बसू म्हणाला, "आता वीसच पाहिजे. एकोणीस पडलं तरी गेलास."

तीन महिने वाढवलेला गडी! असा कसा जाऊ देणार? माझ्या अंगात काय शिरलं कोण जाणे. उठलो, देवळाच्या दिशेला तोंड केलं, हात जोडले आणि ओरडलो,

"आई लक्ष्मी! तुझं लेकरू संकटात हाय! धाव! वीस पाड! मटण सोडतो, जलमभर तोंडात घालणार न्हाय!"

आता मटणच का? अहो, आतनं वास येत होता! नवसात आपण आवडती वस्तू सोडतो, आणि त्या क्षणी मला जगात दुसरं काही आवडत नव्हतं.

फासा टाकला. गडगडत गेला, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला आपटला आणि थांबला.

वीस!

मी आणि विन्या नाचायलाच लागलो. नाचता नाचता माझं लक्ष उंबऱ्याकडं गेलं. फाशाच्या पलीकडं दोन पाय उभे होते. आई! हातात पळी, आणि चेहरा असा, की मी एक पाय वर असतानाच थांबलो.

"काय बोललास?"

"कुठं काय?"

"लक्ष्मीला काय बोललास?"

"आगं, खेळ हाय त्यो."

"काय मागितलंस तिला?"

"वीस."

"पडलं?"

"...पडलं."

"मग सुटलं मटण," आई म्हणाली आणि आत गेली.

मला चेष्टा वाटली. पानं मांडली. विन्याच्या ताटात मटण, आप्पांच्या ताटात मटण. माझ्या ताटात काय, तर वांगी! मी हबकलो. हात धुवून बसलेल्या माणसाच्या ताटात, स्वतःच्या सख्ख्या आईनं, वांगी?

"आई, नवस मी न्हाय बोललो! वज्रबाहू बोलला!"

"तोंड कुणाचं व्हतं?"

मी आप्पांकडं वळलो. आप्पा बेळगावच्या कोर्टातनं शिरस्तेदार म्हणून रिटायर झालेले. म्हटलं, इथं तरी न्याय मिळेल.

"कोण वज्रबाहू?" आप्पा म्हणाले. "हजर हाय काय?"

"कागदावर हाय."

"आण कागद."

डाव्या हातानं त्यांनी चष्मा लावला. "उंची पाच फूट सहा. तुझी किती?"

"पाच सहा."

"वजन पन्नास किलो. तुझं?"

"पन्नास."

"दैवत श्री लक्ष्मी. गावाचं नाव बी घातलंस, तालुका बी. अक्षर कुणाचं?"

"माझं."

"मग वज्रबाहू म्हंजे तूच. अर्ज फेटाळला." एवढं बोलून त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत नळी उचलली आणि चोखायला लागले.

बसू माझ्या शेजारी वांगी खात होता. हळूच म्हणाला, "मी बेड म्हटलो होतो."

इथंच थांबलं असतं तर ठीक होतं. पण बसूच्या सरड्याचं वर्णन आणि माझी आरोळी, दोन्ही शेजारच्या आक्कांनी ऐकलं होतं. आक्कांच्या कानावर गेलेली गोष्ट गावच्या चावडीवर लावलेल्या नोटिशीपेक्षा लवकर पसरते. अर्ध्या तासात गावात बोभाटा झाला, की आमच्या घरात घोरपडीएवढा सरडा निघाला. तासाभरात तो माणसाएवढा झाला. चार वाजता बाया हळद-कुंकू घेऊन दारात हजर! सरडा पोरावर चाल करून आला, पोरानं लक्ष्मीला हाक मारली आणि सरडा जागच्या जागी गुप्त झाला, अशी हकीकत मला माझ्याच घरात ऐकायला मिळाली.

एका सत्तरीच्या आजोबांनी वाकून माझ्या पायाला हात लावला. मी मागं सरलो. "आजोबा, उठा! तसलं काय झालं न्हाय! देवीनं काहीसुदिक केलं न्हाय!"

सोप्यातल्या सगळ्या बायांच्या माना माझ्याकडं वळल्या.

"देवीनं काय केलं न्हाय?" आक्का म्हणाल्या. "जीव वाचला, आन् तोंडानं असं बोलतोस?"

"केलं, केलं!" मी घाईघाईनं म्हणालो. "लई केलं!"

झालं. सगळ्या गावासमोर माझ्याच तोंडानं नवसावर शिक्कामोर्तब झालं. जाता जाता प्रत्येक बाई पाठीवर हात फिरवून म्हणत होती, "मटण सोडलंस म्हणं? शाबास रं बाबा." त्यांतल्या निम्म्या घरांनी मला यात्रेच्या जेवणाचं आवतण आधीच दिलेलं होतं.

मी आईचे पाय धरले. ती कठोर बाई नाही हो. तिलाही आतनं वाईट वाटत होतं, कारण माझा गोवर तिच्याही लक्षात होता. ती म्हणाली, "माझ्या हातात काय न्हाय. तिला बोललास, तिलाच इचार. कौल लाव."

कौल म्हणजे काय ते सांगतो. गुरव देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवतो. तुम्ही मागणं मागायचं आणि बघत बसायचं. उजवी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात गेलो. मागं आई, आप्पा, आक्का, विन्या, बसू आणि निम्मं गाव. गुरवानं पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "आई, पोरगं अजाण हाय, नवसातनं मोकळं करायचं असंल तर उजवा दे."

पाच मिनिटं गेली. दहा गेली. पाकळी ढिम्म. आणि मग, काय बघतो! डावी पाकळी हलली. हळूच खाली सरकायला लागली.

तुमचा विश्वास बसणार नाही. शहाण्या माणसानं त्या वेळी काय करावं? गप्प बसावं! पण ज्या तोंडानं आदल्या दिवशी घात केला होता, तेच तोंड पुन्हा उघडलं.

"आई! मटणातनं सोडव! मासळी सोडतो, जलमभर!"

डावी थांबली. उजवी टपकन पडली.

घंटा वाजली, गुलाल उधळला. गर्दीतनं आईचा आवाज आला, "आयकलंस न्हवं गुरवा? मासळी."

ऐकू दे की! मला काय त्याचं? आमच्या गावाला मासळी यायची ती सुकी, तीही पावसाळ्यात. तिचा वास आला तरी मी घरामागच्या परड्यात जाऊन बसायचो. मनात म्हटलं, याला म्हणतात डोकं! देवीशी सौदा केला आणि तोही नफ्यात. यात्रेत मी तीन दिवस जेवलो. सतरा घरं फिरलो. शेवटच्या घरी मला हाताला धरून उठवावं लागलं.

सहा महिन्यांनी नोकरीचा कागद आला. मी आनंदानं फोडला. ठिकाणाचं नाव वाचलं आणि मटकन खालीच बसलो.

कारवार.

तुम्ही कारवारला गेलाय कधी? तिथं माणसं सकाळी एकमेकांना तब्येत विचारत नाहीत, आज काय मिळालं ते विचारतात. ऑफिसात डबे उघडले की बांगडा. खानावळीत बांगडा. घरमालकीण सणासुदीला प्रेमानं काय पाठवणार? सुरमई! आणि खरी शोकांतिका पुढंच. समुद्रावरची ताजी मासळी तव्यावर चुरचुरली की तिचा वास कसा येतो, हे मला बावीस वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं! खिडकी लावून घेतली तरी यायचा. दोन वर्षं मी डाळ-भातावर काढली आणि त्यात लग्नही तिथलंच जमलं.

सासरी पहिलं जेवण. केळीच्या पानावर तळलेली सुरमई, तिसऱ्यांचं म्हणजे शिंपल्यांचं सुकं, कोलंबीची कढी. सगळं घर माझ्याकडं कौतुकानं बघतंय. मी पानावर हात आडवा धरला.

सासरे घाबरले. "का हो जावईबापू? डॉक्टरांनी वर्ज्य सांगितलंय?"

"नाही. नवस आहे. जन्मभर सोडलीय."

सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. सासऱ्यांनी तर माझ्यापुढं हातच जोडले. "एवढ्या तरुण वयात केवढा हा त्याग! आई आजारी होती का?"

"नाही."

"मग वडील?"

"नाही, तेही ठणठणीत होते."

"मग एवढी मासळी सोडलीत," सासऱ्यांनी गहिवरून विचारलं, "ती कशासाठी हो?"

मी पानातल्या सुरमईकडं एकवार बघितलं.

"मटणासाठी."