आमचंच पुंजणं जळालं

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, यांच्याशी लग्नानंतर कित्येक वर्षं मी समोरासमोर बोललेच नव्हते. आमच्याकडे तशीच रीत. ते अंगणात आले की डोक्यावर पदर ओढून आत जायचं. काही सांगायचं असलं तर जाऊबाईंकडून सांगायचं. त्यामुळे त्यांच्याविषयी माझं जे काही मत होतं, ते भिंतीपलीकडून ऐकूनच झालेलं.

आमचं गाव सडक अर्जुनीकडच्या हायवेपासून जरा आत. आग लागली की विझवायची गाडी लांबून यायची आणि ती पोचेपर्यंत विझवायला काही उरायचं नाही. म्हणून आजूबाजूच्या गावांनी मिळून एक लहानसं अग्निशमन केंद्र उभं करावं, अशी गोष्ट निघाली. गाडी सरकार देणार होतं. शेड, पाण्याची टाकी आणि ड्रायव्हरचा पगार मात्र गावांनी बघायचा. त्यासाठी ग्रामपंचायतीने सभामंडपाकरता राखलेला पैसा इकडे वळवायचा आणि वरून घरटी वर्गणी काढायची.

हे सगळं भासऱ्यांच्या डोक्यातलं. शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली तेव्हा ते उठून म्हणाले, "जागेची चिंता करू नका. हायवेला लागून आपली बांधी आहे धानाची, ते मी देतो."

मी बायकांमध्ये बसले होते. पुढे बसलेल्या माझ्या नवऱ्याची मान ताठ झालेली मला मागूनही दिसली. ती बांधी, धानाचा तो तुकडा, अजून दोघा भावांच्या नावावर होती आणि घरात कोणालाच त्यांनी विचारलं नव्हतं.

"फुकटात जागा? काऊन जी, एवढं काय झालं?" मागून कोणी तरी म्हणालं.

"बाजूची बांधी बी त्यायचीच आहे ना. सरकारी शेड झाली का तिचा भाव पाहा मंग," दुसऱ्याने उत्तर दिलं.

बौद्धांच्या टोलीतली, म्हणजे वस्तीतली, एक म्हातारी उभी राहिली. "आमच्या टोलीत बैलबंडी वळत नाही, तुमची गाडी कुठून येईन? वर्गणी मात्र आमच्याकडून बी घ्याल. पहिले रस्ता करा."

"रस्ता बी होईन," भासरे म्हणाले.

"कधी होईन? लिहून देता का?"

तेवढ्यात माझा नवरा उठला. "ते बांधी दोघायची आहे. मी देऊन नाही राहिलो." सभा तिथेच मोडली.

त्यानंतर धान कापून झाला. मळणीचं मशीन येईपर्यंत कापलेल्या धानाचं पुंजणं रचून ठेवतात. आमचं आणि भासऱ्यांचं पुंजणं शेतात शेजारी शेजारी होतं, मध्ये जेमतेम बैलबंडी जाईल एवढी वाट. एका दुपारी मी तांदूळ निवडत असताना ओरडा ऐकू आला. धावत गेले तर आमचं पुंजणं पेटलेलं, वर्षभराचा धान त्यात. भासरे सगळ्यांच्या आधी तिथे होते. बोडीच्या, म्हणजे शेतातल्या तळ्याच्या, पाण्यात पोती भिजवून ते पुंजण्यावर टाकत होते, पण स्वतःच्या. आमच्याकडे त्यांची पाठ होती.

"इकडं काऊन नाही टाकलं पाणी?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"ते गेलंच होतं रे," ते म्हणाले.

गाडी आली तेव्हा तिने राखेवर पाणी मारलं. तलाठ्याने पंचनामा केला, कारण अज्ञात. कोणी वरच्या लोंबत्या तारांकडे बोट दाखवलं, तर वायरमन म्हणाला, "ठिणगी पडली असती त दोन्ही जळाले असते."

पुढच्या ग्रामसभेत, आधी केंद्राला नाही म्हणणाऱ्यांनीच होकाराचे हात वर केले. नळावर मी पोचले तेव्हा एक बाई बोलत होती, "ज्याले गाडी पाहिजे होती, त्याले आग बी पाहिजेच होती." मला बघून ती घागर उचलून निघून गेली.

त्या दिवसापासून मी भासऱ्यांवर नजर ठेवायला लागले. बिडीशिवाय त्यांची घटकाही जात नसे, पण आगीनंतर त्यांच्या हातात बिडी दिसेना. का सोडली असेल? जाऊबाई एरवी तासभर बोलायच्या, त्या आता माझ्याकडे बघायचंही टाळायला लागल्या. नवऱ्याने भावाशी बोलणं बंद केलं. तो तोंडाने काही म्हणाला नाही, मीही म्हणाले नाही. पण आम्ही दोघं एकच गोष्ट मनात धरून बसलो होतो.

मळणी झाल्यावर एका सकाळी भासऱ्यांचा ट्रॅक्टर आमच्या दारात उभा राहिला. त्यांनी स्वतःचा अर्धा धान पोत्यांत भरून आणला होता.

"परत नेऊन टाक," नवरा ओसरीवरून म्हणाला.

मी बाहेर आले. पदराचं भान राहिलं नाही. "भाऊजी, हे कायले देऊन राहिले तुम्ही?"

मी बोलले याचाच त्यांना धक्का बसला असावा. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "लेकरं काय खातील?"

"आग तुम्ही लावली का?"

"गावात तेच बोलून राहिले ना?"

"गावाचं सोडा. मी विचारून राहिली."

"नाही लावली," ते म्हणाले. "पण मी सांगून कोण मानन? तू मानतं?"

मला हो म्हणवेना, नाहीही म्हणवेना. घरात कणगी रिकामी होती. "पोती उतरवा," एवढंच मी म्हणाले. नवरा मागच्या दाराने निघून गेला. गावाने त्या पोत्यांचाही अर्थ लावलाच: मनात खोट नसती तर अर्धा धान कोण देतं?

केंद्र झालं, पण आमच्या बांधीवर नाही. सभेने गावठाणातली जागा दिली. आधी टोलीचा रस्ता आणि मगच शेड, असं त्या म्हातारीने ठरावात घालून घेतलं. भासऱ्यांना समितीत कोणी घेतलं नाही. लाल गाडी आली, तिला हार घातला, नारळ फुटला, तेव्हा ते घरीच खाटेवर बसून होते. वर्गणी मात्र त्यांनी सगळ्यांच्या आधी भरली होती.

बऱ्याच महिन्यांनी जाऊबाईंनी सांगितलं की छातीत दुखायचं म्हणून गोंदियाच्या डॉक्टरने भासऱ्यांची बिडी बंद केली होती. मला हायसं वाटलं. मग लगेच वाटलं, मी न विचारता हे आता का सांगितलं?

आता मी भासऱ्यांशी सरळ बोलते. बियाण्याचं, लेकरांच्या तापाचं, घरातलं काहीही. भाऊ भाऊ मात्र अजून एकमेकांच्या दारात पाय ठेवत नाहीत. परवा चहा देताना भासऱ्यांनी अचानक विचारलं, "अजून बी तसंच वाटते का तुले?"

"कधी कधी," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि चहा संपवला.