'बंद' म्हणजे आला

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही... म्हणजे नव्हता. पॅथॉलॉजीवाली आहे मी. मायक्रोस्कोपखाली दिसेल तेवढंच खरं. नागपुरात वाढले, आता बंगळूरला जयनगरमध्ये एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. कन्नड येतं ते 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे ठीक, एवढंच, आणि त्यालाही ऑटोवाले हसतात.

आमच्या घरमालकीण शांताक्का पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच मराठी. त्यांच्या मुलीला, पल्लवीला, ल्युकेमिया. कॉलेजात जाणारी पोर! केमोनंतर रक्त स्वच्छ झालं, आणि मग डोकं दुखायला लागलं, एकाचे दोन दिसायला लागले. रोग मेंदूकडे पोचला का, हे बघायला पाठीतलं पाणी काढलं आणि ते माझ्याच टेबलावर आलं. त्यातल्या पेशी लवकर मरतात, म्हणून लगेच मशीनवर फिरवून स्लाइड केली. बघितली. क्लीन! इतका आनंद झाला म्हणून सांगू...

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं — "बंद."

दुपारची वेळ, सगळे जेवायला गेलेले. वाटलं, मशीन चालू राहिलं म्हणून कुणी सांगतंय. पण ते बंदच होतं. पुन्हा, अगदी कानाशी — "बंद." आवाज बाईचा की पुरुषाचा, आजही सांगता येत नाही. मी सरळ बाहेर पळाले.

बाहेर शांताक्का रिपोर्टची वाट बघत बसल्या होत्या. "काय झालं गं? स्वल्प बस तरी."

"आत कुणीतरी 'बंद, बंद' म्हणतंय, अक्का. पण मशीन तर बंदच आहे!"

त्यांचा चेहरा उतरला. "कन्नडात म्हणालं असेल. बंद म्हणजे आला."

"म्हणजे... आजार आला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"आजार आला, तर बंतु म्हणतात गं. बंद म्हणतात ते पुरुषमाणसाला. तो आला." मग हळूच विचारलं, "कोण आला?"

मला तिथे उभं राहवेना, परत आत गेले. ट्यूबच्या तळाशी चार थेंब उरले होते. एरवी ठेवून दिले असते. आज त्यांची दुसरी स्लाइड केली. अगदी कडेला होत्या — ल्युकेमियाच्या पेशी, मोजक्याच, पण होत्या. लॅबच्या मुख्य सरांनीही बघितल्या. दुसऱ्या दिवशी फ्लो सायटोमेट्रीच्या, म्हणजे एकेक पेशी मशीनने ओळखायच्या तपासणीच्या, रिपोर्टमध्येही त्याच निघाल्या.

पल्लवीच्या पाठीत औषधाची इंजेक्शनं सुरू झाली. वेळेत सापडलं, असं डॉक्टर म्हणतात. पहिल्या स्लाइडवर काही का दिसलं नाही, ते मी समजावू शकते; पेशी कमी असल्या की असं होतं. त्या आवाजाचं काय? लॅबमधला प्रत्येक जण तेव्हा कॅन्टीनमध्ये होता, मी एकेकाला विचारून घेतलं.

परवा पुन्हा पाणी तपासलं. स्लाइड, फ्लो, सगळं निगेटिव्ह. शांताक्कांनी माझे दोन्ही हात धरले. "होद? म्हणजे, गेला ना गं तो?"

"रिपोर्ट क्लीन आहे, अक्का," मी म्हणाले. त्या आनंदाने रडायलाच लागल्या.

त्यांना कसं सांगू... स्लाइड बघून झाल्यावरही मी त्या खोलीत कान देऊन उभी होते. 'होद' असं कुणीच म्हणालं नाही.