आनंदाचे जपून वापरलेले शब्द

मुलांनो, मागच्या महिन्यात तुमच्यापैकी धाकटी माझ्याशी सलग दोन रविवार बोलली नाही. तुम्हा मोठ्या दोघांना कारण अर्धंच ठाऊक आहे. पूर्ण कारण माझं इंग्रजी.

शाळेत आम्हाला इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंनी एकदा फळ्यावर शिडी काढली. सर्वांत खालच्या पायरीवर ‘प्लीज्ड’, मग ‘ग्लॅड’, मग ‘हॅपी’, ‘डिलाइटेड’ आणि अगदी वर ‘ओव्हरजॉइड’. बाई म्हणाल्या, “जेवढ्याने काम होतं तेवढंच चढायचं.” मी पट्टीने रेघा आखून ती शिडी वहीत उतरवली आणि पुढे नोकरीतल्या पत्रव्यवहारात आयुष्यभर पाळली. ‘डिलाइटेड’ मी मोजून तीनदा वापरलं असेल, त्यातलं एक तुमच्या बाबाच्या जन्माच्या वेळी. शेवटच्या पायरीवर कधी पाऊलच ठेवलं नाही. त्यात आमची ही सदाशिव पेठ. इथे श्रीखंड खाऊन कुणी “वाईट नाही” म्हणालं, की करणारी बाई आठवडाभर खुशीत असते.

तुमचं इंग्रजी वेगळं. पिझ्झा आला तरी तुम्ही ‘सुपर एक्सायटेड’. थोरल्याने एकदा मोजे आवडले म्हणून ‘ओव्हर द मून’ लिहिलं होतं. मला हसू आलं होतं. मोज्यांसाठी चंद्राच्या वर गेल्यावर लग्नाच्या वेळी कुठे जाणार?

तर धाकटीने पोहण्याचा व्हिडिओ पाठवला. मागच्या उन्हाळ्यात मी तुमच्याकडे परदेशात होते, तेव्हा ती तलावाचा काठ सोडत नव्हती. बोटं पांढरी पडेपर्यंत धरून बसायची. आता त्याच तलावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती एकटी पोहत गेली, आणि पाण्यातून डोकं काढून तिने थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं. मी उत्तर लिहिलं, ‘प्लीज्ड टु सी इट. माइंड युअर लेफ्ट एल्बो.’

डावं कोपर खरंच बाहेर जात होतं.

पहिल्या रविवारी ती फोनवर आली नाही, तेव्हा मला वाटलं झोपली असेल. दुसऱ्या रविवारी तुमचा बाबा म्हणाला, “आई, ती रुसली आहे. तिला वाटतंय तुला काही विशेष वाटलंच नाही. तिने तो व्हिडिओ सगळ्यांच्या आधी तुला पाठवला होता गं.”

मी फोन ठेवला. तुमचे आजोबा वर्तमानपत्रामागून म्हणाले, “साखरपुडा झाल्यावर तू मला पहिलं पत्र लिहिलंस, त्यातही ‘प्लीज्ड’च होतं. अठ्ठेचाळीस वर्षं त्यावर भागवतोय मी.”

“अहो, मग तेव्हाच सांगायचं होतं.”

“कोपराबद्दल काही लिहिलं नव्हतंस, म्हणून गप्प बसलो.”

मग मी कागद घेतला आणि शब्दांची यादी केली. ‘थ्रिल्ड’. ‘ओव्हर द मून’. ‘क्लाउड नाइन’, जो नववाच का, हे कुणी मला कधी नीट सांगितलेलं नाही. प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणून पाहिला. शेजारणीची पैठणी नेसून आरशासमोर उभं राहावं, तसं वाटलं. तरी धीर करून फोन लावला आणि बाबाला म्हटलं, तिच्या कानाला लावच.

“हाय आजी,” ती म्हणाली. आवाज अगदी सपाट.

“आय अ‍ॅम थ्रिल्ड,” मी म्हटलं.

“बाबाने सांगितलं ना तुला असं म्हणायला?”

दहा वर्षांची पोर, पण पुण्याचं रक्त. माझी यादी तिथेच संपली. आता ही पुन्हा कधी मला काही पाठवणार नाही, असं वाटून मी खरोखर घाबरले. मग जे झालं होतं ते सांगायला लागले, मराठीत, कारण घाईत मला मराठीच येतं. सांगितलं, की व्हिडिओ मी उभ्यानेच सात वेळा पाहिला आणि तेवढ्यात दूध उतू जाऊन सगळा ओटा पांढरा झाला. तो तसाच टाकून मी चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या भाजीवालीला व्हिडिओ दाखवायला गेले. मेथी घ्यायची नव्हती, काही घ्यायचं नव्हतं, फक्त दाखवायला.

“आजी! मी स्विमसूटमध्ये होते!”

“मग काय झालं? पाण्यात काय परकर-पोलकं घालतात?”

“ती काय म्हणाली?”

“म्हणाली, ‘आजी, तुमची नात लई भारी पवती.’ आणि कोथिंबिरीची जुडी तुझ्या नावाने माझ्या हातात दिली.”

फोनमधून हसू आलं. आधी दाबलेलं, मग खळखळून. मग ती सुटलीच. मधोमध पाय टेकत नाहीत तिथे तिच्या नाकात कसं पाणी गेलं, तळाशी निळ्या फरशा कशा हलताना दिसतात, सगळं सांगितलं. अर्धा तास! आमचा वरणभात गार झाला. आजोबा समोर बसून बोटाने ताटलीवर ताल धरत होते, आणि मी त्यांना हातानेच थांबा म्हणत होते.

शेवटी ती म्हणाली, “मला त्या भाजीवाल्या आजींना पण सांगायचंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, तिच्याकडे संध्याकाळ असताना, मी फोन घेऊन कोपऱ्यावर गेले. भाजीवालीला इंग्रजी येत नाही, हिचं मराठी अडखळतं, पण दोघींचं उत्तम चाललं होतं. एकीने तिकडे पलंगावर पालथं पडून हात मारून दाखवले, दुसरीने इकडे शेवग्याच्या शेंगा बाजूला सारून गावच्या विहिरीत उडी कशी मारायची ते दाखवलं. मी मध्ये फोन धरून उभी. मागे तीन गिऱ्हाइकं खोळंबली होती. त्यातल्या एका गृहस्थांनी विचारलं, “आपलं झालं असेल तर आम्ही वांगी घेऊ का?”

“नाही झालेलं,” मी म्हटलं.