चार आकड्यांचं कुलूप

ऐंशी सालच्या आसपास धंतोलीतल्या एका दवाखान्यात मी नर्स म्हणून लागले, तेव्हा बाबांनी मला जुनी लेडीज सायकल घेऊन दिली. सोबत साखळीचं कुलूप. किल्लीची भानगड नाही. चार चकत्या फिरवून आपणच ठरवलेला आकडा जुळवला की उघडायचं; तो हवा तेव्हा बदलताही यायचा. आकडा बाबांनीच ठरवला. एकोणीसशे छप्पन, धम्मदीक्षेचं साल. लावताना त्यांचा ऊर भरून आला होता, आणि मलाही तो आकडा फार आवडला.

आता माझीच मला चीड येते. आमच्या वस्तीत ते साल ठाऊक नसलेलं माणूस दिवा घेऊन शोधलं तरी सापडलं नसतं! आठवडाभरात थोरला भाऊ सकाळी सायकल काढून चौकात चहाला जाऊ लागला. पहिल्या दिवशी मी पायी धावत गेले. दुसऱ्यांदा उशीर झाला, तेव्हा दवाखान्यातल्या मोठ्या बाईंनी सुनावलं, "पुन्हा असं झालं तर येऊच नका." आमच्या घरात पगार मिळवणारी मी पहिलीच बाई. ही नोकरी मी कुणाच्या चहापायी घालवणार नव्हते.

मी आकडा बदलून माझं जन्मसाल लावलं. दोन दिवसांत भावानं तेही उघडलं. "अवं, तू झाली तवा मी आठ वर्षांचा होतो," तो दात काढत म्हणाला.

मग मात्र मी इरेला पेटले. डोळे मिटून चकत्या फिरवल्या आणि येईल तो आकडा ठेवला. ना साल, ना तारीख. कुठे लिहिला नाही; भाकरी थापताना मनातल्या मनात घोकला.

भाऊ साखळीशी झटून थकला आणि बाबांकडे गेला.

"काहून वं, छप्पन काढून टाकलं?" बाबांनी विचारलं. आवाज दुखावलेला होता.

"बाबा, छप्पन साऱ्यांचं आहे. सायकल माही आहे."

"मले तरी सांगून ठेव."

"नाही बाबा. तुमाले बी नाही."

त्या दिवशी ते माझ्याशी बोलले नाहीत. मला रडू आलं, पण आकडा सांगितला नाही.

दुसऱ्या सकाळी ड्युटीला निघताना मी साखळीशी वाकले. बाबा आणि भाऊ शेजारीच उभे होते. बाबांनी भावाचा खांदा धरून त्याला भिंतीकडे वळवलं, मग स्वतःही पाठ फिरवली.

"उघड आता," ते म्हणाले.