धुऱ्यावरचा रानकांदा

अमेरिकेत कुठंशी लढाई जुंपली आणि इकडं अकोल्याच्या बाजारात कापसाला सोन्याचा भाव आला. वऱ्हाडातल्या भल्या भल्या माणसांची नियत फिरली. जानरावाची मुळातच फारशी जागेवर नव्हती, त्यामुळं तिला फिरायला वेळ लागला नाही. त्याच्या शेताला लागून मेलेल्या चुलतभावाचं शेत होतं, आणि ते आता भावाची विधवा पार्बताबाई पाहत होती. जानरावानं ऐन पेरणीच्या तोंडावर मधला धुरा, म्हणजे बांध, तिच्या शेतात सरकवला आणि लाटलेल्या पट्ट्यात कपाशी पेरून मोकळा झाला.

त्या गावात धुऱ्यावर रानकांदा लावायची रीत होती. ढोरं त्याला तोंड लावत नाहीत, वखर त्याच्यावरून निघून जातो. सगळं रान करपलं तरी चैत्रात कोरड्या मातीतून त्याचा फुलांचा दांडा वर येतो. ना पान, ना पाणी. जानरावाला हे पक्कं ठाऊक, म्हणून त्यानं एकूणएक कांदा खणून नाल्यात फेकला होता.

पार्बताबाईनं गाव गोळा केलं. शपथ म्हणून जानराव डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन नव्या धुऱ्यावरून चालला. असं खोटं चालणाऱ्याचं वाटोळं होतं, असं सगळे मानत. "धुरा होता तिथंच हाये. वहिनीच खोटं बोलून राहिली," तो म्हणाला. नत्थुजी पाटलांनी मान डोलावली आणि पार्बताबाई खोटारडी ठरली. पाणवठ्यावर बाया तिला पाहून गप्प होऊ लागल्या.

तिनं त्याच्या वाटोळ्याची वाट पाहिली. जानरावाच्या घरावर कौलं चढली, बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या बसल्या. देवाला या कामाची काही घाई दिसत नव्हती. तेव्हा तिनं ते आपल्याकडे घेतलं.

नाल्यातले ठेचलेले कांदे तिनं वेचून आणलेच होते, ते परसातल्या मुरमाड कोपऱ्यात लावले. पहिल्या साली हौसेनं पाणी घातलं, तर निम्मे सडले. मग तिला उमगलं, याला माया नको, तहान पाहिजे. पावसाळ्यात पानं येऊ द्यायची आणि दिवाळीनंतर थेंबही घालायचा नाही. कांद्यांना पिलं फुटली, पिलं मुठीएवढी झाली. चीक लागून तिच्या हातांना खाज सुटे. ती खाजवताना जानरावाच्या नावानं बोटं मोडी आणि तिला फार बरं वाटे.

अशी काही वर्षं गेली. मग दवंडी झाली की चैत्रात अमरावतीहून शेतांच्या हद्दी ठरवायला मोजणीवाले येणार. माघात पार्बताबाई जानरावाच्याच शेतात कापूस वेचून उरलेल्या पऱ्हाट्या उपटायला मजुरीनं गेली.

"आली ना शेवटी जागेवर?" तो हसला.

तिनं मान खाली घातली. पऱ्हाटी उपटायची, ओच्यातला कांदा खड्ड्यात ठेवायचा, पायानं माती लोटायची, असं दिवसभर चाललं. तिनं कांदे खऱ्या धुऱ्यावर लावलेच नाहीत. त्याच्याही पलीकडे, जानरावाच्या वडिलार्जित शेतात चांगलं आत, एका रेषेत लावले.

चैत्रात साखळी घेऊन मोजणीवाले आले. मागं सगळं गाव होतं. जानरावाच्या उघड्या काळ्या रानात पांढुरक्या फुलांचे दांडे ओळीनं उभे होते.

"हा तं धुऱ्याचा कांदा!" पाटील म्हणाले. "जानराव, धुरा इथं होता काय? इतकी जमीन खाल्ली तू?" मग त्यांनी पार्बताबाईकडे पाहिलं.

"मले कावून पायता पाटील?" पार्बताबाई म्हणाली. "मी खोटारडी. त्या कांद्यालेच इचारा."

जानराव पिसाळला. "हे कसं होईन? एक एक कांदा म्या माह्या हातानं खणला होता! आन् धुरा इथं नोताच!" तो तरातरा चालत गेला आणि एका जागी टाच आपटून उभा राहिला. "इथं होता, इथं! माह्या बापानं घातला माह्या डोयादेखत!"

सगळ्या माना त्याच्या टाचेकडे वळल्या. आपण काय बोललो ते जानरावाला सगळ्यांच्या शेवटी कळलं. पार्बताबाईचं काळीज इतक्या वर्षांनी थंड झालं.

"पाटील, भाऊजी उभे हायेत तिथंच धुरा धरा. मले त्याच्या पुढं बोटभर नको," ती म्हणाली. मग वाकून तिनं मोठं ढेकूळ उचललं. "फेटा काढा, भाऊजी. मांगं चालले तसंच चाला. आता खऱ्यावरून."

त्यानं पाटलांकडे पाहिलं. पाटलांनी तोंड फिरवलं. जानरावानं फेटा काढला, ढेकूळ डोक्यावर घेतलं आणि चालू लागला. ढेकूळ फुटून माती त्याच्या डोळ्यांत उतरू लागली. पार्बताबाई त्याच्या पाठोपाठ होती. डोळे पुसायला तो थांबला की ती म्हणायची, "चाला, भाऊजी."