चार्ज देऊन जायचं

अण्णा गेले तेव्हा मी ठाण्याला ऑफिसात होते आणि माझी मुलगी जुई शाळेत. खालच्या मजल्यावरच्या शिंदेकाकूंचा फोन आला, "मेधा, अण्णा भाजी घेता घेता कोसळले गं... लोकांनी हॉस्पिटलात नेलंय, तू निघ." मी डोंबिवलीला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. सकाळी नातीला शाळेच्या फाटकात सोडून तिथूनच मंडईत गेलेला माणूस... माझे सासरे. जुईला शाळेतून काकूंनीच आणलं. संध्याकाळी तिने आजोबा कुठे म्हणून विचारलं, तेव्हा जमलेल्या नातेवाइकांपैकी कुणीतरी म्हणालं, "गावाला गेलेत, बाळा." पाच वर्षांच्या पोरीला दुसरं काय सांगणार! जुईने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची मला आजही लाज वाटते, आणि का ते सांगायचं तर अण्णांबद्दलच सांगावं लागेल.

अण्णा मूळचे राजापूरकडचे. एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात उभा जन्म फिटर म्हणून काढलेला. सासूबाई गेल्यानंतर ते घरात फारसं बोलत नसत. नळ गळायला लागला की मात्र तोंड उघडायचं. जुई तीन वर्षांची झाली, प्लेग्रुपला जायला लागली, आणि आठवड्याभरातच तिथल्या बाईंनी मला बोलावून सांगितलं की ही सारा वेळ दारापाशी बसून रडते, अजून शाळेला तयार नाही, पुढच्या वर्षी आणा. मी ते फारच मनाला लावून घेतलं. तयारी म्हणजे एबीसीडी, अशी माझी पक्की समजूत. मी वह्या आणल्या, भिंतभर तक्ते लावले, उभ्या रेघा, आडव्या रेघा सुरू केल्या. मी ऑफिसला गेले की अण्णा त्या वह्या उचलून वर ठेवत आणि पोरीला मटार सोलायला बसवत. स्वतःच्या सदऱ्याची बटणं तिच्याकडून लावून घेत, डब्याचं झाकण दहादा उघडायला लावत. मी चिडले की म्हणत, "अगं, बोटांत जोर आला की पेन्सिलच काय, पाना पण धरेल ती." मी मनात म्हणायचे, यांना काय कळतंय शाळेतलं!

खरी ठिणगी पडली ती माझ्या निघण्यावरून. मी जाताना जुई आकांत करायची, म्हणून मी एक युक्ती काढली होती. टीव्हीवर कार्टून लावायचं, ती रमली की चपला हातात घेऊन अनवाणीच जिना उतरायचं. एकदा दूध घेऊन वर येणाऱ्या अण्णांनी मला तसं पकडलं. संध्याकाळी म्हणाले, "मेधा, तू गेल्यावर ही काय करते माहितेय? शोधते तुला. बाथरूममध्ये बघते, दारामागे बघते, दिवाणाखाली बघते. सांगून गेलीस तर रडेल, दहा मिनिटं रडेल. हे शोधणं दिवसभर चालतं गं..."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या दारात अण्णांच्या कारखान्याचा नियम लागू झाला. शिफ्ट बदलताना पुढचा माणूस आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही, आणि त्याला सगळं सांगून, चार्ज देऊन मगच गेटबाहेर पडायचं. तसा मी रोज जुईचा चार्ज द्यायचा. मी म्हणायचे, "दूध अर्धा कप, नाक गळतंय, हट्ट चालू आहे." अण्णा कमरेवर हात ठेवून विचारायचे, "काही फॉल्ट?" आणि जुई रडता रडता ओरडायची, "बाहुलीचा हात सापडत नाहीये!" पहिले चार दिवस तिने इमारत डोक्यावर घेतली. पाचव्या दिवशी मी घाईत तशीच निघाले तर जिन्यावरून हाक आली, "आई, चार्ज नाही दिलास!"

मग अण्णांनी पुढचा धडा काढला. जुईला शिंदेकाकूंकडे ठेवायचं, घड्याळ दाखवायचं, "मोठा काटा सहावर आला की मी दारात" म्हणायचं आणि निघायचं. एकदा सलूनमध्ये गर्दी होती. काटा सहाकडे सरकताना पाहून अण्णा खुर्चीतून तसेच उठले आणि एका गालाची दाढी झालेली, दुसऱ्या गालावर फेस, अशा अवतारात रस्ता ओलांडून आले. काकूंची हसून पुरेवाट झाली. मीही नंतर त्यांना पुष्कळ चिडवलं. त्यावर एवढंच म्हणाले, "आज उशीर झाला असता तर उद्या तिने काटा बघितलाच नसता."

वर्षाने ज्युनियर केजीचा पहिला दिवस आला. फाटकापाशी नुसता गोंधळ. कुणी चॉकलेट दाखवून पोर आत ढकलतंय, कुणी आई गाडीमागे लपलेली. अण्णा जुईला घेऊन सरळ बाईंसमोर उभे राहिले. "बाई, चार्ज देतो. नाव जुई. डबा स्वतः उघडते, शू लागली की सांगते. रडली तर रडू द्या, थांबेल." जुई रडली, चांगली हुंदके देऊन रडली, पण दप्तर सावरत स्वतःच्या पायांनी आत गेली. परत येताना मला अण्णांना पुष्कळ काही म्हणायचं होतं. मी म्हटलं, "बरी गेली हो आत." ते म्हणाले, "हं." तेवढंच झालं आमचं बोलणं. आता त्याची फार हळहळ वाटते.

...आणि अशा माणसाबद्दल मी त्याच्या नातीला फसवलं. एका थापेपायी किती काय लपवावं लागलं! फोटोला हार घालता येईना, म्हणून फोटो कपाटात. "आजोबा कधी येणार?" यावर रोज नवं उत्तर. मग एका रविवारी दुपारी मी खोलीत गेले तर जुई दिवाणाखाली वाकून बघत होती. तिथून उठून ती दारामागे गेली. काय करतेस, हे विचारायची मला गरजच नव्हती.

मी तिला मांडीवर घेतलं आणि सांगितलं. आजोबा गावाला गेले नाहीत, ते वारले, आता ते येणार नाहीत आणि मी तुझ्याशी खोटं बोलले. ती एकदम रागाने म्हणाली, "मग चार्ज न देताच गेले?" मी म्हटलं, "हो गं. त्यांना वेळच मिळाला नाही." ती रडली. दहा मिनिटं नाही, दुपारभर रडली. मी तिला गप्प केलं नाही. मीही तिच्याबरोबर रडून घेतलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मोकळेपणाने.

सोमवारी मी रजा टाकली आणि तिला सोडायला स्वतः गेले. फाटकापाशी बाई उभ्या होत्या. त्यांना काय सांगावं, कसं सांगावं, मी शब्द जुळवत होते. तेवढ्यात जुई माझा हात सोडून पुढे झाली. "बाई, माझे आजोबा वारले. काल मी खूप रडले. आज थोडंसंच रडेन." बाई खाली वाकल्या, त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. जुईने वळून माझ्याकडे पाहिलं.

"आई, मी दिला चार्ज. तू जा आता."