हातांनी मागितलेलं मत

जेद्दात मी जिथे शिकवत होते ते एका जमीयाचं केंद्र होतं. जमीया म्हणजे तिथली धर्मादाय संस्था. शहरातल्या काही सधन बायकांनी कर्णबधिर मुलींसाठी ती काढली होती. मी रत्नागिरीकडची, मुंबईत अशा मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलेली. नवरा बंदरात माल सोडवणाऱ्या एका ऑफिसात होता. त्याच्या मागोमाग मी गेले आणि वर्षभर फ्लॅटच्या चार भिंतींना कंटाळून या केंद्रात लागले. मुली मला ‘अब्ला’ म्हणायच्या, म्हणजे बाई. तेवढा एक शब्द ओठांनी, बाकी सगळं हातांनी.

लहान मुलींना ओठ वाचायला आणि बोलायला शिकवणं हे माझं काम. कुराण लहानपणी शिकले होते, त्यामुळे अरबी उच्चार स्वच्छ होते. पण स्वतःचं वाक्य बोलायचं म्हटलं की माझी अरबी बाजारहाटापुरती. खुणांची भाषा मात्र मला चांगली आली, कारण ती मी दुपारच्या वर्गात शिकले.

हा दुपारचा वर्ग केंद्रातून शिकून बाहेर पडलेल्या मोठ्या मुलींचा. अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर त्या यायच्या. भाऊ किंवा ड्रायव्हर फाटकाशी सोडून जायचा. शिवण, थोडं वाचन आणि पुष्कळ गप्पा. घरी त्यांच्याशी सगळे खाणाखुणांनी कामापुरतंच बोलायचे. पोटभर बोलायची जागा ही एवढीच.

त्यांच्यातली एक विशीतली मुलगी अबायांवर, म्हणजे बायका वरून घालतात त्या काळ्या झग्यांवर, कशिदा काढायची. गावातले दोन दुकानदार तिचंच काम मागून घेत. तिच्या हातून टाका सुटायचा नाही आणि मुद्दाही सुटायचा नाही. मला खुणा शिकवताना मी चुकले की ती माझी बोटं धरून सरळ करायची.

एका सत्राच्या मध्यावर आम्हाला कळलं की दुपारचा वर्ग बंद होणार. त्या खोलीत तान्ह्या मुलांचे कान तपासण्याची यंत्रं येणार होती. कल्पना चांगलीच होती, कोणाच्या मनात पाप नव्हतं. फक्त या मुलींना कोणी विचारलं नव्हतं.

कशिदावाली माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “हे कोणी ठरवलं?”

“कार्यकारी मंडळाने.”

“त्यांना कोणी ठरवलं?”

मी सांगितलं की जमीयाच्या सभासद बायका ठरावीक वर्षांनी जमतात आणि मंडळ निवडतात, आणि अशी सभा सत्र संपता संपता येणारच होती. निवडतात म्हणजे मोठ्या मॅडम नावं वाचून दाखवतात, सगळ्या टाळ्या वाजवतात आणि जेवायला बसतात. मोठ्या मॅडम म्हणजे संस्था काढण्यात पुढाकार घेतलेल्या बाई, तिच्या अध्यक्षा. करारी, पण मुलींवर माया करणाऱ्या.

“सभासद कोण होऊ शकतं?”

“इथली कुठलीही सज्ञान बाई.”

तिने स्वतःकडे बोट दाखवलं. मग खोलीतल्या एकेकीकडे.

त्या सुमाराला शहरात नगरपालिकेच्या निवडणुका होऊन गेल्या होत्या. मतदान फक्त पुरुषांचं. मुलींनी रस्त्यावरचे फलक पाहिले होते आणि त्यांच्या भावांनी घरी खूप फुशारक्या मारल्या होत्या. त्यामुळे मत म्हणजे काय हे त्यांना माहीत होतं. ते द्यायचं कसं आणि मागायचं कसं, हे माहीत नव्हतं.

मी घरी विषय काढला तसा नवरा जेवता जेवता थांबला. “तुझा इकामा त्यांच्या हातात आहे. संस्थाच तुझी कफील. उद्या म्हणाल्या खलास, तर परवा विमानात. जपून.” इकामा म्हणजे तिथे राहण्याचा परवाना आणि कफील म्हणजे तो काढून देणारा मालक.

“मी फक्त शिकवते,” मी म्हटलं.

“काय शिकवतेस तेच तर विचारतोय.”

पण त्याने अडवलं नाही. उलट म्हणाला, “आपल्या सासूबाईंचं सांग त्यांना.”

त्याच्या सासूबाई म्हणजे माझी आई. बायकांना राखीव जागा आल्या तेव्हा ती आमच्या खाडीकाठच्या गावात ग्रामपंचायतीवर निवडून आली. पहिल्या सभेत तिला चहा करायला सांगितलं. तिने चहा केला, सगळ्यांना दिला, स्वतःचा कप घेतला आणि खुर्ची ओढून मध्येच बसली. ही गोष्ट मी मुलींना सांगितली तेव्हा त्यांनी ती खुर्ची ओढण्याची खूण मला पुन्हा पुन्हा करायला लावली.

मग सुरू झाला सराव. समुद्रकिनारी सहलीला जायचं होतं, तर जेवायला काय न्यायचं यावर मतदान घेऊ असं मी सुचवलं. कबसा, म्हणजे तिथला मसालेदार मटणभात, की तळलेले मासे? “कबसा हवा त्यांनी हात वर करा,” मी म्हटलं आणि फजिती झाली. खोलीभर हात वर. अर्ध्या जणी मत देत होत्या, अर्ध्या वाद घालत होत्या, आणि दोन्ही हातांनीच! कोण काय म्हणतंय कळेना. शेवटी कशिदावालीने कहव्याची मोठी किटली रिकामी केली. मासे हवे तिने खजुराची बी टाकायची, कबसा हवा तिने हरभरा. एकेकीने पाठ करून टाकायचं, कोणी बघायचं नाही.

कबसा जिंकला. एक मुलगी माशांसाठी इतकी रुसली की सहलीला येणार नाही म्हणाली. कशिदावालीचंही मत माशांनाच होतं. ती रुसलेलीला म्हणाली, “मीही हरले. चल, कबसा खाऊ. पुढच्या वेळी जास्त जणींना पटवू.” आणि रुसलेली आली, सगळ्यांत जास्त तीच जेवली. मला वाटतं, त्या दिवशी त्या मुली निवडणुकीला तयार झाल्या.

सत्र सरायच्या आत त्या सगळ्या रीतसर सभासद झाल्या. ऑफिसातल्या बाईने आश्चर्याने पाहिलं, पण नाही म्हणायला तिच्याकडे कारण नव्हतं. मुली घरोघर जाऊन लहान मुलींच्या आयांनाही भेटल्या आणि त्यांनाही सभासद व्हायला लावलं. सोबत कोणाची तरी बहीण बोलायला असायची. त्या आयांना त्यांनी एकच गोष्ट सांगितली: तुमची मुलगी उद्या आमच्याएवढी होईल, तेव्हा ती कुठे जाईल?

सभेच्या दिवशी केंद्राचं मोठं दालन अत्तराने आणि वेलचीच्या वासाने भरून गेलं होतं. मी परदेशी, पगारी, सभासद नव्हते. मागे भिंतीला लागून उभी राहिले. मोठ्या मॅडमनी अहवाल सांगितला आणि मंडळाची नावं वाचायला चष्मा चढवला. तेवढ्यात कशिदावाली उठून पुढे गेली. शेजारी तिची आई, तिचं बोलणं सांगायला.

मुलीचे हात चालू लागले. आई म्हणाली, “माझी लेक म्हणते, मोठ्या मॅडमचे आमच्यावर फार उपकार आहेत. तिची एक लहानशी विनंती आहे, जमलं तर...”

मुलगी थांबली. ती आईच्या ओठांकडे बघत होती. ओठ वाचायला आमच्याच केंद्राने शिकवलं होतं तिला. तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला, प्रेमाने बाजूला केलं आणि सरळ माझ्याकडे बोट केलं. “अब्ला, तू सांग. आई माझ्या बोलण्यात साखर घालते.”

सगळ्या माना वळल्या. इकामा, कफील, विमान, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मग पाय आपोआप निघाले. माझ्या अरबीत साखर घालायला शब्दच नव्हते. ती जे म्हणाली तेवढंच मोडकंतोडकं मी म्हटलं.

“मी विनंती करत नाही. मी मंडळावर उभी राहते. मला मत द्या.”

दालनात कुजबुज झाली. मंडळावरच्या एक बाई म्हणाल्या, “पण बाळ, तू बैठकीत बसून करशील काय? तुला ऐकू येत नाही.”

तिने ते त्यांच्या ओठांवरून वाचलं. तिचे हात चालले आणि मी बोलत गेले. “तुम्हाला सगळ्यांना ऐकू येतं. तरी आमचा वर्ग बंद करताना आम्ही काय म्हणतो ते तुम्ही ऐकलं नाही. मी बसले तर निदान बघेन तरी. यंत्रं हवीत, मलाही हवीत. खोली आपण मिळून शोधू.”

मोठ्या मॅडमनी चष्मा काढला. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि मी मनातल्या मनात सामानाची बांधाबांध सुरू केली.

“तू हे जसंच्या तसं सांगितलंस?” त्यांनी विचारलं.

“मॅडम, जास्त सांगण्याइतकी अरबी मला येत नाही.”

आधी कोणीतरी मागून हसलं, मग मोठ्या मॅडम हसल्या, मग अख्खं दालन. त्या म्हणाल्या, “इतकी वर्षं मी नावं वाचते आहे. आज कोणी पहिल्यांदा मत मागितलं. चिठ्ठ्या आणा. सगळ्यांची नावं मतदानाला. माझंसुद्धा.”

चिठ्ठ्या मोजायला दोन म्हाताऱ्या बायका बसवल्या. मुली भिंतीशी एकमेकींचे हात घट्ट धरून उभ्या होत्या, म्हणजे त्यांच्या भाषेत अगदी गप्प. मोठ्या मॅडम सर्वांत जास्त मतांनी आल्या, ते योग्यच होतं. आणि पुढच्या नावांमध्ये, अगदी वरच, आमची कशिदावाली. आयांनी तिला भरभरून मतं दिली होती.

बायकांनी लग्नात करतात तसा जिभेचा लल्‌लल्‌ गजर केला. मुलींना तो ऐकू येईना, पण हलणारे चेहरे दिसले. मग त्यांनी काय करावं? लाकडी मंचावर चढल्या आणि पाय आपटायला लागल्या, कारण ते तळव्यांना कळतं. ते पाहून म्हाताऱ्या, आया, रेशमी पोशाखातल्या बाया, एकेक करत सगळ्या पाय आपटू लागल्या. झुंबर थरथरलं, कहव्याचे पेले किणकिणले. कशिदावालीची आई तोंडावर ओढणी धरून रडत होती आणि पायही आपटत होती. मीही आपटत होते. सभासद नसले म्हणून काय झालं!

वर्ग राहिला. यंत्रं वरच्या मजल्यावरच्या एका कोठारात बसली. ते कोठार रिकामं करायला मुलीच आल्या. आणि मंडळाच्या बैठकी बदलल्या. पूर्वी त्या बायका सगळ्या एकदम बोलायच्या. आता कशिदावालीला ओठ आणि माझे हात दिसायला हवेत म्हणून एका वेळी एकीनेच बोलायचं असा नियम झाला. त्या पहिल्यांदाच आपल्याला न पटणारं वाक्य शेवटपर्यंत ऐकू लागल्या. सगळ्यांत लाजरी बाई, जी पूर्वी फक्त मान डोलवायची, तिलाही पाळी मिळू लागली. आणि तिच्याजवळ बोलण्यासारखं खूप होतं. त्याच वर्षअखेरीला शहराच्या व्यापारी मंडळाच्या निवडणुकीत बायका निवडून आल्या, तेव्हा मोठ्या मॅडम ऐटीत म्हणाल्या, “आपण त्यांच्या आधी.” पुढच्या खेपेला आणखी दोन कर्णबधिर मुली मंडळावर आल्या.

कशिदावाली निवडून आल्याच्या दुसऱ्या वर्षी मी मंडळाकडे अर्ज केला की माझ्या वर्गाला रस्त्याकडची मोठी खोली मिळावी. बैठकीत मीच हातांनी माझी बाजू कशिदावालीला समजावली. तिने सगळं नीट बघून घेतलं, दोन प्रश्न विचारले आणि माझ्या विरुद्ध मत दिलं. रस्त्याकडच्या खोलीत गाड्यांच्या आवाजाने कानाला श्रवणयंत्र लावलेल्या लहान मुलींचं डोकं दुखेल, असं तिचं म्हणणं. ते मलाच अरबीत सांगावं लागलं.

मी सांगितलं. एक शब्द कमी-जास्त न करता. अर्ज फेटाळला गेला आणि घरी जाताना टॅक्सीत मी इतकी खूश होते की ड्रायव्हरने विचारलं, पगार वाढला का?